इन काउडा वेनेनम: स्वीडिश ऐकावा की इंग्रजी?

ओपेथ या स्वीडिश मेटल बँडचा हा अल्बम सप्टेंबर २०१९ मध्ये एकाच वेळी दोन भाषांत आला. तेव्हापासून नव्याने ऐकायला घेणारा हमखास विचारतो: यातला आधी कुठला लावू? वाद्यं दोन्हीकडे तीच आहेत. गाण्यांचा क्रमही तोच, फक्त बहुतेक नावं वेगळी. डेव्ह स्ट्युअर्टने बांधलेली व्हायोलिन-चेलोची साथसुद्धा तीच. बदलतं ते बँडचा गायक मिकाएल ऑकरफेल्टचं गाणं. वरवर हा फरक किरकोळ वाटतो, पण माझ्या मते सगळा निकाल तिथेच लागतो.

इंग्रजीची बाजू आधी मांडतो, कारण ती लंगडी नाही. बँडच्या 'ब्लॅकवॉटर पार्क' या जुन्या अल्बमवर वाढलेल्या माणसाला ऑकरफेल्टचा साफ आवाज इंग्रजीतच ओळखीचा आहे. 'हेरिटेज' या अल्बमपासून मेटलमधली घशातली गुरगुर बंद झाली होती, ती इथेही कुठल्याच आवृत्तीत नाही. त्यात भाषाही अनोळखी असली तर पहिल्या फेरीत पकडायला काहीच उरत नाही, असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. शब्द कळतात, सोबत गुणगुणता येतं. मृत्यू, पश्चात्ताप, माणसांचा दुटप्पीपणा असे या गाण्यांचे विषयही थेट पोचतात. मीसुद्धा बरेच दिवस इंग्रजीच ऐकत होतो.

मग एक गोष्ट खटकायला लागली, आणि एकदा खटकल्यावर ती कानातून जाईना. 'लव्हलॉर्न क्राइम' हे संथ गाणं घ्या. सुरुवातीला पियानो आणि आवाज, मागे फारसं काही नाही. त्यामुळे प्रत्येक अक्षर उघडं पडतं. चाल लांब आहे, ओळीच्या शेवटी स्वर मोकळा सुटून हळूहळू विरायला हवा. इंग्रजीत मला तिथे सारखा अडथळा जाणवतो. कधी अक्षरं जास्त होतात आणि ती घाईने कोंबल्यासारखी वाटतात, कधी स्वर पुरता लांबायच्या आत शब्द संपतो. गायक बेसूर नाही, उच्चारही स्वच्छ आहेत. पण चाल एका मापाची आणि शब्द दुसऱ्या मापाचे, असं वाटत राहतं. आता तेच गाणं स्वीडिशमध्ये, 'मिन्नेट्स यूटा' या नावाने लावा. ओळ जिथे थांबायला हवी तिथे थांबते, आणि श्वास घेतल्याचंसुद्धा जाणवत नाही. शेवटी फ्रेड्रिक ऑकेसनची गिटार सुरू होते तेव्हा ती त्याच आवाजातून पुढे निघाल्यासारखी वाटते. इंग्रजीत मला तिथे सांधा दिसतो.

याला कारणही आहे. शब्द आधी स्वीडिशमध्येच लिहिले गेले. मुलींना गाडीने शाळेत सोडायला जाताना ही कल्पना सुचली, असं ऑकरफेल्टने सांगितलंय. लोक बुजतील म्हणून इंग्रजी आवृत्ती नंतर केली. मूळ अल्बम तो स्वतः स्वीडिशच मानतो. सत्तरच्या दशकातल्या स्वीडिश रेकॉर्ड्सचा हा माणूस वेडा आहे, त्यामुळे तो आपल्या भाषेत गायला लागतो तेव्हा आवाजात एक सैलपणा येतो. 'स्वेकेट्स प्रिन्स'मध्ये तर उलोफ पाल्मे यांचं बोलणं ऐकू येतं. स्टॉकहोमच्या रस्त्यावर १९८६ मध्ये ज्यांची गोळी घालून हत्या झाली, ते हे स्वीडनचे पंतप्रधान. त्यांच्या आवाजानंतर गाणंही त्याच भाषेत सुरू होतं, ते मला जास्त भिडतं.

राहता राहिला अर्थ कळण्याचा प्रश्न. आपल्याकडे भीमसेनजींची कन्नड भजनं कन्नडचं अक्षर न कळणाऱ्या घरांतही भक्तीने ऐकली जातात. तिथे कुणी अर्थासाठी अडून बसत नाही. शिवाय अर्थ हवाच असेल तर इंग्रजी आवृत्ती एकदा वाचून काढता येते. माझ्या बाबतीत तर शब्दांमागे धावणं थांबलं तेव्हाच मागची व्हायोलिनं आणि मेलोट्रॉन (टेपवरचे सूर वाजवणारं जुनं कीबोर्ड) नीट ऐकू यायला लागले.

विकत घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट: २०२२ मध्ये तीन जादा गाण्यांची आवृत्ती निघाली. संग्राहक असाल तर ती बघा, पण पहिल्या ऐकण्यासाठी तिची गरज नाही.

कुठून सुरुवात करायची हे शेवटी ज्याच्या-त्याच्या कानावर आहे. तरी वेळ एकाच आवृत्तीपुरता असेल तर मी स्वीडिश लावायला सांगेन, आणि तासाभराहून मोठा हा अल्बम गाणी मागेपुढे न करता सलग ऐका. अपवाद एकच, 'द गॅरोटर'. स्पॅनिश ढंगाच्या गिटारवरून ते जॅझच्या पियानोवर येतं, आणि त्या झुलत्या तालावर इंग्रजीची तुटक अक्षरं छान बसतात. तेवढं एक गाणं मी अजूनही इंग्रजीतच ऐकतो.