गटाचं काम सांभाळून सामाजिक उद्योजकता शिकताना: नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

जे आधीच एखाद्या बचत गटात, शेतकरी कंपनीत किंवा संस्थेत काम करतात, त्यांनी सामाजिक उद्योजकता (म्हणजे लोकांचा प्रश्न सोडवणारा धंदा उभा करणं) आणि समुदाय विकास हा अंशकालीन पदविका अभ्यासक्रम जरूर करावा. नोकरी लागेल या आशेनं येणाऱ्या नव्या पोरापोरींना मात्र मी म्हणेन, आधी वर्षभर कुठंतरी काम करा, मग या. हातात चालू काम असलं तरच यातल्या निम्म्या गोष्टी लागू पडतात.

मी औसा तालुक्यातल्या महिला गटांच्या संघाचे हिशेब आणि बैठका बघते. जुलैत प्रवेश घेतला. रविवारी जिल्ह्याच्या गावी संपर्क सत्र, आठवड्यातून दोनदा संध्याकाळी ऑनलाइन तास, बाकी स्वाध्याय आणि एक प्रकल्प. वर्गात आशा कार्यकर्त्या, दोन ग्रामपंचायत सदस्य, एक कृषी सेवा केंद्रवाला, एक निवृत्त मुख्याध्यापक. वय पंचविशीपासून साठीपर्यंत. शिकवण्याइतकंच मी या माणसांकडून शिकले.

सगळ्यात मोलाचा निघाला तो किंमत ठरवण्याचा भाग. प्रकल्प स्वतःच्या गावात करायचा होता, म्हणून मी तूरडाळीचा गट घेतला. आमच्याकडे गटाच्या डाळीचा भाव ठरतो तो शेजारच्या किराणा दुकानाकडे बघून. तिथं जेवढा, त्यापेक्षा दोन-चार रुपये कमी. सरांनी कागदावर एकेक खर्च मांडायला लावला. तुरीचा २०२४-२५ चा हमीभाव ७,५५० रुपये क्विंटल. आमच्या चक्कीवर क्विंटलभर तुरीतून डाळीचा उतारा साधारण ७० किलो धरा. म्हणजे नुसत्या तुरीचेच किलोमागे जवळपास १०८ रुपये झाले. वीज, पिशवी, गाडीभाडं त्यावर. चुनी, म्हणजे उरलेला भुसा-तुकडा, विकून थोडं परत येतं.

मग सर म्हणाले, "आता बायांची मजुरी लिहा." तूर निवडणं, तेल-पाणी लावणं, वाळवणं, भरडणं, चाळणं, पाखडणं. क्विंटलमागे चार बायांचा एक दिवस धरला आणि रोजगार हमीचा त्या वर्षीचा २९७ रुपये दर लावला, तर १,१८८ रुपये होतात. किलोला १७ रुपये! हे सतरा रुपये गटाच्या कोणत्याच वहीत नव्हते. बैठकीत हे मांडलं तेव्हा एक मावशी म्हणाल्या, "आमचं काय धरायलीस त्यात बाई, घरचंच काम की." गट नफ्यात आहे असं जे आपण अहवालात लिहितो, तो नफा बऱ्याचदा या मावश्यांची न दिलेली मजुरी असते. हे मला आधी कुणी असं आकड्यात दाखवलं नव्हतं. आता संघाच्या तीन गटांनी वहीत मजुरीचा वेगळा रकाना काढलाय. भाव लगेच वाढवता आला नाही, पण घाऊक व्यापाऱ्याला कुठपर्यंत उतरायचं, हे बाया आता स्वतः ठरवतात.

कायद्याचा भागही कामाचा आहे, जरी वाचताना डोळ्यावर झापड येते. ट्रस्ट, सोसायटी, सहकारी संस्था, कंपनी कायद्यातली कलम ८ ची कंपनी, उत्पादक कंपनी यांतला फरक आम्ही कामात असूनही गोळाबेरीज करून बोलायचो. कलम ८ च्या कंपनीला नफा सभासदांत वाटता येत नाही. उत्पादक कंपनीला येतो, ती सुरू करायला १० उत्पादक पुरतात, आणि शेअर कितीही असले तरी माणसाला मत एकच. डाळीच्या गटाला उत्पादक कंपनी बरी, अभ्यासिका चालवायची असेल तर कलम ८ ची. केंद्रानं २०२० मध्ये १०,००० शेतकरी उत्पादक संस्थांची योजना आणल्यापासून आमच्या भागात कंपन्यांच्या पाट्या भराभर लागल्या. सपाटीवरच्या भागात ३०० सभासदांची अट. सह्या गोळा होतात. तोच सभासद पुढच्या हंगामात आपला माल व्यापाऱ्याऐवजी कंपनीकडे आणेल, याची तयारी कुणी करत नाही. या विषयावर अभ्यासक्रमात अख्खं सत्र हवं होतं, एका पानावर भागवलंय.

माझी मोठी तक्रार पुस्तकांबद्दल. मूळ मजकूर इंग्रजीतला, मराठी भाषांतर इतकं जड की आमच्या आशाताई मोठ्यानं वाचून दाखवायच्या आणि मग आम्ही सगळे मिळून अर्थ लावायचो. उदाहरणं बांगलादेशची, ब्रिटनची. गरीब बायांना तारणाशिवाय छोटी कर्जं देणारी बांगलादेशची ग्रामीण बँक शिकायलाच हवी, त्याबद्दल वाद नाही. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी परिसरात घरं पुन्हा उभी करताना गावोगावच्या बाया संवाद सहाय्यक, म्हणजे गाव आणि सरकारमधला दुवा, म्हणून पुढं आल्या, आणि त्याच वाटेनं पुढं गेलेल्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेला, बायांनी एक एकरात खाण्याची पिकं घेण्याच्या कामासाठी, २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला, हे आमच्या पुस्तकात नाही. अंबाजोगाईची मानवलोक ही ग्रामविकासाची संस्था नाही. पाणलोटाच्या कामातून द्राक्षबागांपर्यंत पोचलेलं जालन्याजवळचं कडवंची गाव नाही. लातूर-धाराशिवच्या विद्यार्थ्याला समुदाय विकास शिकवताना किल्लारी वगळणं मला पटतच नाही. आमच्या सरांनी एका रविवारी पुस्तक बाजूला ठेवून यावरच बोलणं केलं. त्या दिवशी वर्गातून कुणी लवकर उठलं नाही.

वेळापत्रकही इथल्या हंगामाकडे न बघता आखलेलं. सोयाबीन काढणीच्या ऐन दिवसांत दोन संपर्क सत्रं ठेवली, अर्धा वर्ग शेतात. संध्याकाळी सातचा ऑनलाइन तास म्हणजे बायांच्या स्वयंपाकाची वेळ, त्यात वीज जाते. तासांची ध्वनिफीत नंतर मिळते, पण मागे लागावं लागतं. फी माझ्या महिन्याच्या मानधनापेक्षा जास्त. हप्ते करून दिले म्हणून जमलं.

प्रवेश घेणार असाल तर पैसे भरण्याआधी चार गोष्टी फोन करून विचारा, शक्य असेल तर लेखी घ्या. उत्तरपत्रिका मराठीत चालते का. सुगीत सत्र असेल तर बदली दिवस मिळतो का. प्रकल्प आपल्याच गटावर करता येतो का. आणि मार्गदर्शक प्रत्यक्ष गावात येणार का. आमचे सर आले, वाळत घातलेल्या तुरीपाशी बसून त्यांनी बायांना प्रश्न विचारले. तुमच्या केंद्रावर ही सोय नसेल, तर दुसरं केंद्र शोधा.