श्रवणयंत्राची जोडी : सहा महिन्यांच्या वापरानंतर

माझ्या ऐकण्यातला दोष माझ्याआधी घरच्यांच्या लक्षात आला, आणि तो एका ठरावीक घोटाळ्यामुळे. 'सात', 'आठ' आणि 'साठ' हे तीन शब्द मला एकसारखे ऐकू येऊ लागले होते. सातच्या गाडीसाठी मी आठला निघायची तयारी करत असे, आणि भाजीवाल्याने साठ रुपये सांगितले की पुन्हा पुन्हा विचारून त्याचा अंत पाहत असे. घरी यावर 'लक्ष कुठे असतं तुमचं?' असे ऐकून घ्यावे लागे. ते वाक्य मात्र पहिल्याच खेपेस समजे.

श्रवणतज्ज्ञाकडे चाचणी झाली तेव्हा या घोटाळ्याचे कारण आलेखावर दिसले. १,००० हर्ट्‌झपर्यंत माझे कान वयाच्या मानाने चांगले होते (हर्ट्‌झ म्हणजे आवाजाची सेकंदाला होणारी कंपने; आकडा जितका मोठा, तितका आवाज उंच); २,००० हर्ट्‌झच्या पुढे रेघ उतरू लागली आणि ४,००० हर्ट्‌झला ती ६० डेसिबलवर जाऊन टेकली, म्हणजे तेथे त्याहून बारीक आवाज मला ऐकूच येत नव्हता. बोलण्यातला जोर मुख्यतः स्वरांत असतो आणि स्वरांची बरीचशी ऊर्जा १,००० हर्ट्‌झच्या खाली असते. शब्दाशब्दांतला भेद मात्र बहुतांशी व्यंजने करतात, आणि 'स', 'श', 'त', 'ठ' यांसारख्या अघोष व्यंजनांचा क्षीण आवाज वरच्या पट्टीत असतो. 'सात'मधले 'स' आणि 'त' गळाले की उरतो तो 'आ'. 'आठ' आणि 'साठ' यांतूनही तोच उरतो. त्यामुळे 'आवाज येतो, पण शब्द कळत नाही' ही माझी तक्रार शब्दशः खरी होती, आणि समोरच्याने ओरडून बोलण्याने ती दूर होणार नव्हती, कारण ओरडताना वाढतो तो प्रामुख्याने स्वरच.

घेतलेली जोडी कानामागे बसणारी आहे. तिचा छोटा स्पीकर बारीक तारेने कानाच्या नळीत जातो आणि त्याच्या टोकाला छिद्रे असलेली सिलिकॉनची टोपी असते, जिला दुकानात 'डोम' म्हणतात. यंत्र डिजिटल, १६ चॅनेलचे (म्हणजे आवाज १६ पट्ट्यांत वाटून हाताळणारे) आणि चार्ज करून वापरण्याचे असून दोन्ही कानांचे मिळून १ लाख ३५ हजार रुपये पडले. कंपनीचे नाव येथे देत नाही. त्याचे एक कारण असे की या किमतीच्या टप्प्यातली यंत्रे कामाच्या पद्धतीत एकमेकांच्या फार जवळ आहेत; दुसरे आणि मोठे कारण असे की माझा वाईट आणि चांगला असे दोन्ही अनुभव याच एका जोडीचे आहेत, आणि त्यांतला फरक यंत्र बनवणाऱ्याने पाडलेला नाही.

वाईट अनुभव विक्रीच्या दुकानातला. तेथे माझा आलेख संगणकात भरला गेला, प्रणालीने सुचवलेली मांडणी यंत्रात उतरवली गेली, 'ऐकू येतंय ना, काका?' असे विचारले गेले आणि वीस मिनिटांत मी रस्त्यावर होतो. रस्त्यावर रिक्षांचे हॉर्न कानात खुपत होते, स्वतःचा आवाज माठात तोंड घालून बोलल्यासारखा येत होता आणि घरी आल्यावर 'सात' व 'साठ' यांच्यातला गोंधळ जसाच्या तसा होता. दोनदा दुकानात गेलो. दोन्ही वेळा 'सवय होईल' एवढेच उत्तर मिळाले. त्यानंतर तीन आठवडे ती जोडी टेबलाच्या खणात होती.

एका परिचितांच्या सांगण्यावरून मग दुसऱ्या श्रवणतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी कानाच्या नळीत, पडद्याजवळ, केसासारखी बारीक नळी सरकवली, यंत्र वर बसवले आणि समोरच्या स्पीकरमधून बोलण्याचा आवाज लावून प्रत्यक्ष पडद्यापाशी किती आवाज पोहोचतो ते मोजले. प्रत्येकाच्या कानाची नळी लांबीला आणि वळणाला वेगळी असते व ती स्वतःच काही पट्ट्या उचलून धरते, त्यामुळे कारखान्यातले गणित आणि खऱ्या कानातला आकडा क्वचितच जुळतो. माझ्या बाबतीत ३,००० हर्ट्‌झच्या पुढे, म्हणजे नेमकी जेथे गरज होती तेथे, आवाज अपेक्षेपेक्षा बराच कमी पोहोचत होता आणि मधल्या पट्टीत तो जास्त होता. कोणत्या आलेखाला कोणत्या पट्टीत किती वाढ द्यावी याची सूत्रे ठरलेली आहेत. ऑस्ट्रेलियातील राष्ट्रीय ध्वनिविज्ञान प्रयोगशाळेने तयार केलेले सूत्र जगभर वापरले जाते आणि माझ्यासाठीही तेच धरले गेले. या मोजणीचे आणि जुळवणीचे ३,००० रुपये वेगळे मोजले. त्या सव्वा तासाने यंत्राच्या १ लाख ३५ हजारांच्या खर्चाला अर्थ आला, असे मी हिशेबाने म्हणू शकतो.

यंत्र नेमके काय करते हे समजून घेतल्यावर त्याच्याविषयीचा माझा राग बराच निवळला, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. आपल्या कानातला शंखाच्या आकाराचा भाग सरळ केला तर जेमतेम ३५ मिलिमीटर भरेल. त्याच्या आत कानाच्या पडद्याहून वेगळा असा एक लांबट पडदा असतो; तो तोंडाशी उंच स्वरांना आणि आतल्या टोकाशी खर्जाच्या स्वरांना कंप पावतो, म्हणजे आवाजाची पट्टीवार वाटणी मेंदूकडे जाण्याआधीच झालेली असते. पडद्याच्या कंपनाचा हा अभ्यास करणारे गेओर्ग फॉन बेकेशी यांना १९६१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्या पडद्यावर केसासारखे तंतू असलेल्या पेशींच्या रांगा असतात. आतल्या रांगेतल्या सुमारे ३,५०० पेशी मेंदूला खबर देतात, तर बाहेरच्या तीन रांगांतल्या सुमारे १२,००० पेशी स्वतः आकुंचन-प्रसरण पावून बारीक आवाज उचलून धरतात आणि मोठ्या आवाजाच्या वेळी जवळजवळ स्वस्थ राहतात. वयाबरोबर, आणि गोंगाटात काम केलेल्यांच्या बाबतीत वयाआधीच, या बाहेरच्या पेशी झिजतात व माणसाच्या कानात त्या पुन्हा उगवत नाहीत. मग बारीक आवाज नाहीसा होतो आणि मोठा आवाज पूर्वीइतकाच मोठा राहतो. मधली जागाच आक्रसते. 'जरा मोठ्याने बोल' आणि 'ओरडतेस कशाला?' ही दोन वाक्ये एकाच मिनिटात बोलणारे म्हातारे प्रत्येक घरात असतात. त्यांना हेकट ठरवण्यापूर्वी ही आक्रसलेली जागा ध्यानात घ्यावी, एवढी विनंती मी स्वतःच्या वतीने करून ठेवतो.

या झिजलेल्या पेशींची बदली करण्याचा प्रयत्न यंत्र करते. मायक्रोफोनवर आलेल्या आवाजाचे ते सेकंदाला हजारो वेळा आकड्यांत रूपांतर करते, ते आकडे १६ पट्ट्यांत वाटते, प्रत्येक पट्टीत बारीक आवाजाला भरपूर, मध्यमाला बेताची आणि मोठ्याला जवळजवळ शून्य वाढ देते आणि सगळे पुन्हा एकत्र करून स्पीकरला पाठवते. हे सारे सेकंदाच्या काही हजाराव्या भागात उरकावे लागते, कारण डोमच्या छिद्रांतून मूळ आवाजही कानात शिरत असतो. यंत्राचा आवाज त्याच्या फार मागे पडला तर दोन्ही मिसळून पोकळ, घुमणारा नाद तयार होतो आणि स्वतःचे बोलणे ऐकताना तो सर्वाधिक जाणवतो. माझ्या जोडीत हा दोष शांत खोलीत मोठ्याने वाचतानाच थोडा जाणवतो, एरवी नाही. १२,००० पेशींच्या कामाची १६ पट्ट्यांशी तुलना करणे अन्यायाचे आहे हे मान्य, पण आपण नक्की काय विकत घेत आहोत याचा अंदाज त्यावरून येतो.

जुळवणी झाल्यानंतरचे पहिले दोन आठवडे कठीण गेले. वर्तमानपत्राची घडी, प्लॅस्टिकची पिशवी, स्वतःच्या चपला, फोडणीतली मोहरी, या साऱ्यांचा आवाज बोलण्याच्या आवाजावर चढून बसत असे. फ्रीज आवाज करतो हे मी जवळजवळ विसरलो होतो. तज्ज्ञांनी आधीच बजावले होते की गेली काही वर्षे वरच्या पट्टीची खबर मेंदूपर्यंत पोहोचतच नव्हती, ती एकदम पोहोचू लागली की तिच्यातले कामाचे काय आणि टाकाऊ काय हे त्याला नव्याने ठरवावे लागते, आणि त्यासाठी यंत्र दिवसभर घालणे हाच उपाय आहे. मी पहिल्या आठवड्यात चार तास, मग आठ, मग उठल्यापासून झोपेपर्यंत असे वाढवत नेले. सहाव्या आठवड्याच्या सुमारास फ्रीज पुन्हा गप्प झाला. यंत्रात त्या काळात कोणताही बदल केलेला नव्हता.

दुकानदाराचे 'सवय होईल' हे वाक्य तसे चुकीचे नव्हते. चुकीच्या जुळवणीवर ते लागू केले होते. जो 'स' यंत्रातून पोहोचतच नाही, त्याची सवय मेंदू कशी करणार?

शब्दांच्या बाबतीतली सुधारणा घरात आणि समोरासमोरच्या बोलण्यात उत्तम आहे. 'सात' आणि 'साठ' वेगळे झाले. नातीचे बोलणे, जे उंच आणि घाईचे असते, ते आता बहुतेक समजते. दातांवरचा 'ज' आणि टाळूवरचा 'ज' हा भेदही परत आला, त्यामुळे 'जरा' म्हणजे थोडे आणि 'जरा' म्हणजे म्हातारपण हे मला आता संदर्भाशिवाय, नुसत्या कानाने ओळखता येतात. या वयात त्याचा उपयोग काय, हा प्रश्न वेगळा.

गर्दीत मात्र यंत्र तोकडे पडते, आणि याबाबत जाहिरातींवर विश्वास ठेवू नये. प्रत्येक यंत्रावर सुमारे एक सेंटिमीटर अंतरावर दोन मायक्रोफोन आहेत. समोरून आलेला आवाज पुढच्या मायक्रोफोनला मागच्यापेक्षा सेकंदाच्या सुमारे तीस दशलक्षांश भागाएवढा आधी लागतो आणि तेवढ्या फरकावरून यंत्र दिशा ओळखते, समोरचे उचलते व मागचे दाबते. युक्ती सुंदर आहे, पण तिच्यात एक गृहीतक दडलेले आहे, ते म्हणजे ज्याचे ऐकायचे तो माणूस समोर असतो. टेबलाच्या दोन बाजूंना बसून बोलणाऱ्यांसाठी ते ठीक आहे. गेल्या महिन्यात एका मंगल कार्यालयात पंगतीला बसलो, तेव्हा माझ्याशी बोलणारे गृहस्थ शेजारी होते आणि यंत्र इमानाने समोरच्या पंगतीतल्या अनोळखी मंडळींचे संभाषण माझ्यापर्यंत आणत होते. शेजाऱ्यांकडे मान वळवून बसावे तर ताटाकडे दुर्लक्ष होते. शेवटी फोनमधून यंत्राला चारही दिशांनी ऐकणाऱ्या मांडणीवर नेले आणि मग भांड्यांचा आवाजही आला.

धडधाकट मेंदू हे काम कसे करतो, याचा शोध ब्रिटिश संशोधक कॉलिन चेरी यांनी १९५३ साली प्रयोगांतून घ्यायला सुरुवात केली. एकाच वेळी चाललेल्या दोन बोलण्यांपैकी माणूस एकाचा माग ठेवू शकतो आणि दुसऱ्यातले जवळजवळ काहीच त्याच्या ध्यानात राहत नाही, असे त्यांना दिसले. मेंदू यासाठी दोन कानांमधला वेळेचा आणि जोराचा फरक, आवाजाचा पोत, बोलणाऱ्याचे ओठ आणि पुढे काय बोलले जाईल याचा अंदाज, असे सगळे वापरतो. यातले सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मला कोणाचे ऐकायचे आहे ही माझी इच्छा, आणि ती कानामागे बसलेल्या यंत्राला कळण्याची सोय अजून तरी माझ्या जोडीत नाही.

संगीताबद्दल स्वतंत्र लिहिले पाहिजे, कारण विक्रेते त्याबद्दल बोलत नाहीत. बोलण्याचा आवाज अक्षराअक्षरागणिक, सेकंदाला चार-पाच वेळा, चढउतार करत असतो. पंखा किंवा इंजिन एकसारखे वाजत राहते. या फरकावरून यंत्र बोलणे आणि गोंगाट वेगळे करते. डिसेंबरात सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाला गेलो, तेव्हा पहिल्या दहा मिनिटांत माझ्या ध्यानात आले की तंबोरे हळूहळू विरत चालले आहेत. अखंड, एकसुरी, न थांबणारा नाद हे तंबोऱ्याचे वैभव यंत्राच्या लेखी पंख्याच्या घरघरीच्या जातीचे होते आणि ते त्याला नेटाने दाबत होते. शिवाय गायकाचा तार षड्ज लांबला की त्याच्या कडेला थरथरता, किंचित बेसूर असा दुसरा स्वर ऐकू येई. स्पीकरचा आवाज पुन्हा मायक्रोफोनमध्ये शिरला की यंत्र शिट्टी वाजवते; ती रोखण्यासाठी यंत्रात जी व्यवस्था असते, ती लांबलेल्या शुद्ध स्वराला शिट्टी समजते, त्याचा हा परिणाम. फोनमधल्या 'संगीत' या मांडणीवर गेल्यावर गोंगाट दाबणे आणि शिट्टी रोखणे या दोन्ही गोष्टी सौम्य झाल्या आणि तंबोरे परत आले. ज्यांना गाण्याची आवड आहे त्यांनी ही वेगळी मांडणी असल्याशिवाय यंत्र घेऊ नये, आणि ती असेल तर जुळवणीच्या वेळीच ध्वनिमुद्रण ऐकून तपासून घ्यावी.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. एका चार्जिंगवर सकाळी सातपासून रात्री अकरापर्यंत यंत्र चालते. फोनवर फार बोलणे झाले तर रात्री नऊलाच धोक्याची सूचना देते. पावसाळ्यात घाम आणि दमट हवा यांमुळे उजवा स्पीकर एकदा बसला, तो हमीत बदलून मिळाला. तेव्हापासून रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवतो. मळ अडवणारी जाळी महिन्यातून एकदा बदलावी लागते आणि ती इतकी छोटी आहे की हे काम नातीकडे सोपवले आहे. हा खर्च सर्वांना पेलणारा नाही याची जाणीव आहे. उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्यांना दिव्यांगांना साधने पुरवणाऱ्या केंद्र सरकारच्या 'एडिप' योजनेतून यंत्र मिळते, आणि मुंबईत वांद्र्याला १९८३ पासून असलेल्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत श्रवणचाचणीची आणि यंत्र बसवण्याची सोय आहे.

मला हीच जोडी पुन्हा घ्यायची झाली तर घेईन, पण ज्यांच्याकडे कानातली मोजणी होते त्यांच्याकडूनच, आणि पैसे देण्याआधी निदान दोन आठवडे घरी वापरून. पुढची भेट जानेवारीत आहे. तेव्हा संगीताच्या मांडणीतला खर्ज आणखी थोडा वाढवून घ्यायचा आहे, आणि पंगतीचे काही करता येते का, तेही विचारायचे आहे.