३ किलोवॉटचा ऑनग्रिड सोलर: विदर्भातल्या खेड्यात घ्यावा का?

बिल कमी करायचं असेल, तर पीएम सूर्यघर योजनेतला ३ किलोवॉटचा ऑनग्रिड, म्हणजे लाइनला जोडलेला, बिनबॅटरीचा संच खेड्यातल्या घराला उत्तम आहे. लाइन गेल्यावर पंखा फिरावा म्हणून घेत असाल, तर घेऊ नका. विकणारे बरेचदा हे आधी सांगत नाहीत आणि मग पहिल्याच उन्हाळ्यात भांडणं होतात.

ऑनग्रिड इन्व्हर्टर महावितरणच्या लाइनवर अवलंबून असतो. लाइन गेली की भर उन्हातही तो लगेच बंद पडतो. ही खोट नाही. तो चालू राहिला, तर दुरुस्तीसाठी खांबावर चढलेल्या लाइनमनला उलट करंट लागेल. व्होल्टेज फार घसरलं तरी तो ट्रिप होतो. डीपीपासून (गावच्या ट्रान्सफॉर्मरपासून) लांब, लाइनच्या टोकाला घर असेल तर आठवडाभर दुपारी मल्टिमीटर लावून बघा. आकडा वारंवार १८० व्होल्टच्या खाली जात असेल, तर आधी लाइनची तक्रार द्या, सोलर नंतर.

५४० वॉटचे ६ पॅनल, त्यासाठी बिनसावलीची सुमारे ३०० चौरस फूट जागा, तोंड दक्षिणेला, कल २० अंशांच्या आसपास. वर्षाची सरासरी दिवसाला १२ युनिट. आषाढ-श्रावणात ढग बसले की निम्म्यावर येते. दिवसा लाइनला दिलेली युनिटं नेट मीटरमुळे (दिलेली-घेतलेली दोन्ही वीज मोजणारा मीटर) रात्रीच्या कूलरच्या वापरातून वजा होतात, हा खरा फायदा. मात्र मे महिन्यात ऊन कितीही कडक असलं तरी विक्रम होत नाही. पॅनल ६५-७० अंशांपर्यंत तापतो आणि २५ अंशांच्या वर दर अंशाला सुमारे ०.३५ टक्के वीज घटते, म्हणजे भर दुपारी १५ टक्के गेलेच. म्हणून पॅनल टिनाला चिकटवून बसवू देऊ नका, खालून वारा खेळला पाहिजे. स्लॅबवर मिरच्या-पापड वाळवायचे असतील तर उंच स्ट्रक्चर घ्या, पण वैशाखातल्या वादळाचा जोर धरून पाय काँक्रीटच्या ठोकळ्यांत पक्के करून घ्या. स्लॅबला भोकं पाडली तर पावसाळ्यात गळती ठरलेली.

पॅनल सहसा बिघडत नाहीत. बिघडतं ते जोडकाम. पॅनलच्या वायरी जोडणारा एमसी-४ कनेक्टर क्रिम्पिंग टूलऐवजी (पिन वायरीवर घट्ट दाबायचं खास अवजार) साध्या पक्कडीने दाबला की आतली पिन सैल राहते, तापते आणि प्लास्टिक वितळून काळं पडतं. सहा पॅनलच्या मालिकेत अडीचशे-तीनशे व्होल्ट डीसी असतो, तिथली ठिणगी सहज विझत नाही. मिस्त्रीच्या हातात टूल दिसलं नाही तर काम थांबवा. अर्थिंग तीन हवेत: वीजरोधकाचं (आकाशातली वीज जमिनीत नेणारा), डीसीचं (पॅनलची बाजू) आणि एसीचं (घराची बाजू), तिन्ही वेगवेगळे. काळ्या मातीत हे नीट बघा. उन्हाळ्यात जमीन भेगाळली की माती रॉडपासून सुटते आणि अर्थिंग नावालाच उरतं. खड्ड्यात पाणी टाकत राहा.

पॅनल धुवायचे ते सकाळी लवकर. तापलेल्या काचेवर गार पाणी मारलं तर काच तडकू शकते. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात बोरचं पाणी मुळीच वापरू नका, वाळल्यावर पांढरा थर धरतो आणि तो कापडाने निघत नाही. साठवलेलं पावसाचं पाणी सगळ्यात चांगलं.

योजनेत ३ किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान आहे, पण पॅनल भारतात बनलेल्या सेलचे, म्हणजे डीसीआरच हवेत. पाच वर्षांची देखभालही बसवणाऱ्याकडेच असते, ती करारात लिहून घ्या.

रोज तासन्‌तास लाइन जाणाऱ्या गावात हायब्रिड इन्व्हर्टरच (बॅटरी जोडता येणारा, लाइन गेल्यावरही चालणारा) घ्यावा, महाग पडला तरी. ५१.२ व्होल्ट, १०० एएचची एक लिथियम बॅटरी म्हणजे सुमारे ५ युनिट: चार पंखे, दिवे आणि एक कूलर मिळून ५०० वॉट धरले तर रात्रीचे आठ तास आरामात निघतात. बोरची मोटर मात्र तिच्यावर टाकू नका, सुरू होतानाच ती कितीतरी पट करंट ओढते. आणि बॅटरी टिनाच्या खोलीत ठेवू नका. ४५ अंशांच्या पुढे तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. घरातली सगळ्यात गार भिंत तिला द्या.