पहिला स्पॅनिश रियाल: जू-बाणांचा घ्यावा की फिलिपचा?

हातोड्याने पाडलेलं स्पेनचं एकच चांदीचं नाणं घ्यायचं, तर निवड बहुधा दोनांत येऊन ठेपते: राणी इसाबेला आणि राजा फर्नांडो यांच्या नावाचा, बैलाचं जू आणि बाणांची जुडी असलेला जू-बाणांचा रियाल, किंवा नंतरच्या फिलिप राजांचं ढाल-क्रूसाचं वेडंवाकडं नाणं. माझ्याकडे दोन्ही आहेत. चांदीच्या कसात डावं-उजवं नाही. 1497 मध्ये स्पेनमधल्या मेदिना देल कांपो गावच्या फर्मानाने ठरलेला कस पुढे दीर्घकाळ टिकला.

फिलिपच्या नाण्याची ओढ मी समजू शकतो. आठ रियालचं नाणं सुमारे 27 ग्रॅमचं, तळहातावर त्याचा भार चांगलाच जाणवतो. शिवाय असे रियाल युरोपीय कंपन्यांच्या गलबतांतून सुरतेला यायचे आणि आटवून त्यांचे रुपये पाडले जायचे. आपल्याकडच्या संग्राहकाला एवढा धागा पुरेसा वाटू शकतो.

मला मात्र एक गोष्ट सतत खुपत राहिली. टाकसाळीत वजन काटेकोर पाहत, आकार नाही. जड तुकडा कातरून वजनात आणत. मग ठसा मोठा, चकती लहान, आणि कडेचा मजकूर चकतीबाहेर. सन आणि राजाचा क्रमांक नेमके त्या कडेलाच! शिवराई जमवणाऱ्यांना अर्ध्या अक्षरांची सवय असते, पण माझ्या सेव्हिल टाकसाळीच्या नाण्यावर राजाच्या नावाची शेपटी तेवढी उरली आहे. दुसरा फिलिप, तिसरा की चौथा? चाचणीदाराच्या, म्हणजे टाकसाळीत चांदीचा कस तपासणाऱ्याच्या, नाण्यावरच्या अक्षरावरून ताडता येतं, पण तेही उमटलेलं हवं ना.

जू-बाणांच्या रियालवर सन नसतोच. इसाबेला 1504 मध्ये वारली, तरी 1566 पर्यंत नाणी त्या दोघांच्याच नावाने पडत राहिली, त्यामुळे काळ नेमका सांगणं इथेही अवघड. ज्याला सनच हवा, त्याने कदाचित हे घेऊ नये. पण चकती पातळ आणि पसरट असल्याने चित्र बहुतेक पूर्ण येतं. भिंगाखाली जुवाची तुटलेली दोरी दिसते, बाणांची जुडी दिसते, ढालीच्या टोकाशी ग्रानादा राज्याचं चिन्ह असलेलं इवलंसं डाळिंबही दिसतं. मी पुन्हा पुन्हा हातात घेतो ते हेच नाणं.

घेताना कडा कातरलेली नाही ना, हे मात्र बघा. पुरा रियाल साधारण 3.4 ग्रॅम भरतो. तीनच्या बराच खाली असेल, तर मी तरी सोडून देतो.