दुसरा कॉर्न स्नेक आणताय? एक पेटी की दोन

पहिला कॉर्न स्नेक घरात रुळला की दुसऱ्याचा विषय निघतोच. घरात मूळ केशरी रंगाचा असतो आणि दुकानात पांढरट, गुलाबी, राखाडी खुणावत असतात. मुलं म्हणतात, "तो एकटा कंटाळतो." समोर चार फुटी व्हिवेरियम, म्हणजे साप ठेवायची पेटी, अर्धं रिकामं दिसत असतं. त्यातच सोडला तर काय बिघडेल?

माझं मत आधीच सांगतो: दोन पेट्या. पण त्याचं कारण लोकांना वाटतं तसं दोघांच्या भांडणात नाही. एकत्र ठेवल्यावर कोणत्या सापाचं काय चाललंय हे तुम्हाला कळेनासं होतं, आणि खरी अडचण ती आहे.

आधी 'एकटा कंटाळतो' याबद्दल. कॉर्न स्नेक हा अमेरिकेच्या आग्नेय भागातला साप. न्यू जर्सीच्या दक्षिणेपासून खाली फ्लोरिडापर्यंत आणि पश्चिमेला लुइझियानापर्यंत तो सापडतो. बिनविषारी, आपल्या धामणीसारखा उंदरांवर जगणारा, पण आकाराने बराच लहान: पूर्ण वाढलेला साधारण तीन ते पाच फूट. तो एकटाच हिंडतो, एकटाच शिकार करतो. थंड भागात काही साप हिवाळ्यात एकाच बिळात सापडतात, पण त्यांना जागा सोयीची म्हणून. आपल्याकडे नाग-नागिणीच्या जोडीच्या गोष्टी ऐकत वाढल्यामुळे सापाला जोडीदार हवाच असं आपण धरून चालतो. गावाबाहेर दोन धामणी एकमेकींना वेढे घालून उभ्या दिसल्या की लोक हात जोडतात, जोडपं समजून अंगावर कापड टाकायला धावतात. पुष्कळदा ते दोन नर एकमेकांना जमिनीवर दाबू पाहत असतात.

एकत्र ठेवणाऱ्यांची बाजू अगदीच पोकळ नाही. एकच मोठी पेटी, एक दिवा, एक थर्मोस्टॅट (तापमान ठराविक ठेवणारं यंत्र), साफसफाई एकदाच. फांद्या लावलेल्या सहा फुटी पेटीत दोन साप दिसतातही सुरेख. "आम्ही कित्येक वर्षं एकत्र ठेवलेत, काही झालं नाही," असं सांगणारे लोक खोटंही बोलत नसतात. अडचण अशी की 'काही झालं नाही' हे ते बाहेरून पाहून सांगत असतात, आणि साप बाहेरून फार थोडं दाखवतो. दोघं एकाच लपणात गुंडाळून बसले की आपल्याला ते प्रेम वाटतं. प्रत्यक्षात पेटीत उबदार आणि अंधारी अशी चांगली जागा एकच असते आणि ती दोघांनाही हवी असते. उबदार बाजू २८ ते ३० अंश आणि थंड बाजू २२-२४ अंश ठेवली तर साप अन्न पचवायला, कात टाकायला, गार व्हायला या टोकाकडून त्या टोकाकडे जात राहतो. दोघांत एक दबून राहणारा असला तर तो थंड बाजूलाच पडून राहतो. चावाचावी नाही, आवाज नाही. फक्त पचन मंदावतं आणि काही महिन्यांनी तो जोडीदारापेक्षा बारीक दिसू लागतो.

वेगळ्या पेटीत हेच लगेच लक्षात येतं. सापाची तब्येत ओळखायची साधनं मोजकीच: त्याने उंदीर खाल्ला का, तो पोटात टिकला का, विष्ठा कशी पडली, कात एकसंध उतरली का, वजन किती. वजनाला स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा पुरतो. एकाच पेटीत यातल्या निम्म्या गोष्टींवर कुणाचं नाव राहत नाही. सकाळी कोपऱ्यात अर्धवट पचलेला उंदीर पडलेला दिसतो, ओकला कोण? विष्ठा पातळ आहे, कुणाची? दोघांवर नजर ठेवायची, दोघांचं खाणं थांबवायचं, डॉक्टरकडे दोघांना न्यायचं.

यातली सर्वांत भीतीदायक गोष्ट म्हणजे क्रिप्टोस्पोरिडियम. हा परजीवी सापाच्या जठरात घर करतो. साप खाल्लेलं ओकू लागतो, वाळत जातो, कधी अंगाच्या मध्यावर सूज दिसते. खात्रीचा इलाज नाही. तो विष्ठेतून पसरतो, नेहमीच्या जंतुनाशकांनाच काय, ब्लीचलाही सहज दाद देत नाही, आणि विष्ठेत सतत सापडत नसल्याने एक तपासणी कोरी आली म्हणून निश्चिंत होता येत नाही. पाण्याचं भांडं आणि खालचा भुसा सामायिक असेल तर एकाचा आजार दुसऱ्यापर्यंत पोचायला वेळ लागत नाही. रक्त पिणाऱ्या बारीक गोचिड्यांच्या बाबतीत मात्र दोन पेट्यांचाही पूर्ण भरवसा धरू नका. त्या एका पेटीतून निघून खोलीतल्या दुसऱ्या पेटीत शिरतात. तरी पेटी वेगळी असली तर निदान सुरुवात कुठून झाली ते कळतं.

खाण्याच्या दिवशी फरक सर्वांत ठळक दिसतो. कॉर्न स्नेक मुळात साप खाणारा नाही, पण उंदराचा वास सुटल्यावर हलणाऱ्या गोष्टीवर झडप घालताना तो फार पारख करत नाही. दोघांनी एकच उंदीर दोन टोकांनी धरला तर गिळत गिळत एकाचं तोंड दुसऱ्याच्या डोक्यापर्यंत पोचू शकतं. असे प्रसंग विरळ आहेत, पण झाला तर बहुतेक वेळा एक साप जातो, कधी दोन्ही. म्हणून एकत्र ठेवणारे शहाणे लोक प्रत्येकाला बाहेर काढून वेगळ्या डब्यात खायला देतात. मग जेवलेल्या सापाला उचलून परत पेटीत ठेवावं लागतं, आणि खाल्ल्यानंतर ४८ तास त्याला हात लावू नये हा तर पहिला नियम. वेगळ्या पेटीत चिमट्याने उंदीर पुढे धरला, दार लावलं, काम संपलं. मोठा साप दहा-चौदा दिवसांतून एकदा खातो, पिल्लू पाच-सात दिवसांतून. जोडीतल्या एकाचं वय कमी असेल तर एकत्र पेटीत ही वेळापत्रकं सांभाळणं आणखी त्रासाचं.

नर-मादीचा मुद्दा निराळा. दुकानात 'दोन्ही माद्या आहेत' असं सांगितलं तरी पिल्लाचं लिंग ओळखण्यात चुका होतात. नर-मादी एकत्र असतील तर तुमची इच्छा असो-नसो, पिल्लं होणार. मादी साधारण तीन वर्षांची, तीन फुटांची आणि तीनशे ग्रॅमची होईपर्यंत तिला अंड्यांचा भार झेपत नाही. पण नर तेवढी वाट पाहत नाही. लहान मादीच्या पोटात अंडी अडकली तर शस्त्रक्रियेपर्यंत पाळी येते, किंवा मादीच जाते. सगळं सुरळीत झालं तरी एका वेळी दहा ते तीस अंडी आणि दोन महिन्यांनी पेन्सिलीएवढ्या जाडीची पिल्लं, त्यातली काही उंदराच्या पिल्लाला तोंडही न लावणारी. मादी शुक्राणू साठवून ठेवते, म्हणून नराला नंतर वेगळं काढूनही प्रश्न लगेच सुटत नाही. दोन नर वसंतात एकमेकांना रेटतात. त्यातल्या त्यात कमी धोक्याची जोडी म्हणजे सारख्या आकाराच्या दोन मोठ्या माद्या, पण ओकणं आणि विष्ठा यांचं कोडं तिथेही उरतंच.

आता खर्च, कारण बहुतेकांचा निर्णय इथे अडतो. नवा साप घरात आला की त्याला दोन-तीन महिने वेगळं ठेवायचं असतं, कागद अंथरलेल्या साध्या पेटीत, आजार किंवा गोचिड्या दिसतात का ते पाहण्यासाठी. म्हणजे दुसरी पेटी, दुसरा हीटर आणि थर्मोस्टॅट तुम्ही घेणारच आहात. वाचतो तो फक्त त्यापुढचा खर्च. जागेचं म्हणाल तर चार फुटी दोन व्हिवेरियम एकावर एक रचता येतात; समोरून सरकत्या काचा असल्याने वरची पेटी आड येत नाही. थर्मोस्टॅट मात्र प्रत्येक पेटीला वेगळा हवा. एकाच सेन्सरवर दोन पेट्या चालवायचा मोह होतो, पण वरच्या पेटीला खालचीची ऊब मिळते आणि तिचं तापमान चढतं.

मोठ्या पेटीत मधे फळी घालून दोन भाग करायचा मधला मार्गही लोक सुचवतात. मला तो फारसा पटत नाही. बोटभर फटीतून कॉर्न स्नेक सहज निसटतो, म्हणून फळी चारी बाजूंनी पक्की बसवावी लागते. शिवाय उष्णता एकाच टोकाला असेल तर एका सापाला फक्त ऊब आणि दुसऱ्याला फक्त गारवा मिळतो. प्रत्येक भागाला वेगळी उष्णता द्यायची म्हटलं की खर्च दोन पेट्यांएवढाच होतो आणि साफसफाई अवघड.

एका पेटीत दोन-तीन साप पाहायचेच असतील तर जात बदला. उत्तर अमेरिकेतलेच गार्टर स्नेक या बाबतीत बरेच वेगळे. कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतात नार्सिस इथे ते हजारोंनी एकत्र हिवाळा काढतात. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका कॅनडियन अभ्यासात गार्टरची पिल्लं ठराविक सोबत्यांजवळ पुन्हा पुन्हा जाताना दिसली. त्यांनाही खाण्याच्या वेळी वेगळं करावं लागतंच, पण एकत्र राहणं त्यांच्या स्वभावात बसतं.

दुकानात जाण्याआधी कायदा पाहा. न्यू जर्सीत मराठी घरं भरपूर, पण तिथे कॉर्न स्नेक राज्याच्या संकटग्रस्त यादीत आहे, त्यामुळे पाळायला परवाना लागतो. जॉर्जियात स्थानिक बिनविषारी साप पाळायला बंदी आहे आणि त्यात हा येतो. हवाईत कुठलाच साप चालत नाही. ऑस्ट्रेलियात कॉर्न स्नेक बेकायदा आहे. ब्रिटनमध्ये परवाना लागत नाही. आणि हे वाचून पुण्या-नाशकात कुणाला धामण पाळावीशी वाटली, तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने देशी साप पाळणं गुन्हा आहे.

तुमचे दोन साप आधीच एका पेटीत असतील तर जो बारीक आहे किंवा कमी खातो त्याला जुन्या, ओळखीच्या पेटीत राहू द्या आणि धष्टपुष्ट असलेल्याला नव्या जागेत हलवा. आठवडाभर दोघांनाही हाताळू नका, मग नेहमीपेक्षा लहान उंदीर द्या. नर-मादी असतील तर मादीच्या पेटीत अंडी घालायला ओलसर मॉस भरलेला, वर भोक असलेला डबा ठेवा आणि पुढचे दोन-तीन महिने तो अधूनमधून उघडून बघा.