वनौषधी बाग: पानं देतात, पण आधी चौकशी करतात

ठाण्यात आमच्या उद्यानामागच्या पडीक कोपऱ्यात परिसरातल्याच लोकांनी ही बाग उभी केली आहे. मी घरगुती डबे करते, त्यामुळे कढीपत्ता आणि गवती चहा मला सतत लागतो. बाजारातला कढीपत्ता दोन दिवसांत काळा पडतो, इथला आठवडाभर टिकतो आणि फोडणीत पडला की वास जिन्यापर्यंत जातो. पैसे मागत नाहीत. दानपेटी आहे, वाटलं तर टाका.

पण मी लिहितेय ते इथल्या माणसांसाठी. सासूबाईंना कुणीतरी गुळवेलीचा काढा सुचवला, म्हणून मागायला गेले. वाफ्यात खुरपत बसलेल्या काकांनी आधी विचारलं, "ताई, कोणासाठी हवीय? त्यांना साखरेच्या गोळ्या चालू आहेत का?" हो म्हटल्यावर सरळ नाही म्हणाले. गुळवेलीनेही साखर उतरते, गोळ्यांच्या जोडीला घेतली तर फारच खाली जाऊ शकते, आधी डॉक्टरांना विचारा. मग खोड हातात देऊन दाखवलं: हिच्यासारखीच दुसरी एक वेल असते, तिच्या खोडावर गाठी जास्त उठलेल्या असतात आणि ती पोटात गेली तर यकृताला बाधू शकते. कुंपणावरची दिसेल ती वेल तोडून काढे उकळणाऱ्यांनी हे जरूर ऐकावं! अडुळशापाशीही 'गरोदरपणात घेऊ नये' असं ठळक लिहिलंय. खोकल्याच्या औषधातलं ब्रोमहेक्झिन ज्या द्रव्यावरून तयार झालं, ते व्हॅसिसीन याच पानात असतं, हेही मला तिथेच कळलं.

पुदिना जमिनीत लावत नाहीत, नाहीतर तो शेजारचे वाफे बळकावतो. अर्ध्या कापलेल्या पिंपात ठेवलाय. तुळशीच्या मंजिऱ्या वेळच्या वेळी खुडतात, म्हणून पानं भरपूर. खत म्हणून जीवामृत: 200 लिटर पाण्यात 10 किलो शेण, गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन आणि मूठभर माती. त्या दिवशी वास येतो, चालवून घ्या. कढीपत्त्याचं एक झाड मुद्दाम फुलपाखरांच्या अळ्यांसाठी सोडलंय. हिरवीगार अळी जरा डिवचली की डोक्यामागून नारिंगी शिंगं बाहेर काढते. माझा मुलगा तिथून हलायला तयार नसतो.

खटकलं ते पाट्यांचं. निम्म्यांचा रंग उडालाय, त्यामुळे नवख्याला वेखंड कुठलं आणि गवती चहा कुठला, कळत नाही. औषधी बागेत हे चालणार नाही. शिवाय आत नळ नाही. एप्रिल-मेमध्ये साठीच्या पुढची माणसं बादल्या वाहतात, ते बघवत नाही.

रविवारी सकाळी लवकर जा, पिशवी घरून न्या. कात्री नको, पानं तेच तोडून देतात. जूनमध्ये गवती चहाचे गड्डे फोडून लावतात, तेव्हा त्यांना माणसं कमी पडतात. जमलं तर जा, फक्त पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, पात हाताला कापते.