उकरलेली माती गेली कुठे? रानातले खड्डे दाखवणाऱ्या एका भटकंतीचा अभिप्राय

नाशिकमध्ये गडकिल्ल्यांवर नेणारे गट पुष्कळ आहेत. रानातले खड्डे दाखवायला नेणारा गट मात्र मला हा पहिलाच भेटला. पानगळीच्या दिवसांत, म्हणजे साधारण जानेवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत, ही मंडळी दर रविवारी बारा जणांना त्र्यंबकेश्वरपलीकडच्या डोंगराळ रानात घेऊन जातात आणि माणसाने कधीतरी केलेली, पण कोणी, कधी व कशासाठी केली हे पाहताक्षणी न कळणारी कामे दाखवतात : चर, खड्डे, दगडांचे ढीग, उतारात कापलेले सपाट ओटे, अर्धवट सोडलेले बांध. माणशी चौदाशे रुपये घेतात आणि त्यात गाडी, सकाळची मिसळ व पाड्यावरचे दुपारचे जेवण येते. फेब्रुवारीतल्या एका रविवारी मी आणि माझा पुतण्या जाऊन आलो. गटाचे नाव आणि नेमके गाव मी मुद्दाम देत नाही, त्याचे कारण पुढे येईल. ज्यांना खरोखर जायचे आहे, त्यांनी शहरातल्या ट्रेकिंगवाल्यांकडे दोन ठिकाणी चौकशी केली तरी पत्ता लागेल.

गाडी मेळा बसस्थानकाजवळून साडेसहाला निघणार होती, ती सव्वासातला निघाली. हा उशीर पुढे महागात पडला, कारण जमिनीवरच्या उथळ खुणा पाहायच्या तर सकाळचे तिरपे ऊन लागते. वीतभर उंचीच्या बांधाचीही तेव्हा लांब सावली पडते आणि डोळ्यांना तो सापडतो, तर अकराच्या उन्हात तोच बांध सपाट दिसतो. निघायला उशीर झालेला असूनही मिसळीसाठी पाऊण तास घालवणे मला पटले नाही, जरी मिसळीविरुद्ध बोलणारा नाशिककर म्हणून माझी नोंद होणार असली तरी.

वाटेतला पहिला थांबा अंजनेरी गावातला होता. तिथला बाराव्या शतकाच्या आसपासचा जैन व हिंदू मंदिरांचा समूह अनेकांनी पाहिलेला असतो. त्यातल्या एका जैन मंदिरात यादव राजा सेऊणचंद्राच्या काळातला, इ. स. ११४२ चा शिलालेख आहे, हेही पुष्कळांना माहीत असते. आमच्याबरोबरचे मुख्य वाटाडे, वनखात्यातून निवृत्त झालेले वनरक्षक काका, यांनी मात्र मंदिरांकडे पाठ करून आम्हालाच प्रश्न विचारला. "एवढा दगड इथं उभा राहिला, तो कुठनं तरी निघाला असेल ना? मग ती खाण कुठंय?" सगळे गप्प. बहुतेकांनी ही मंदिरे दोन-तीनदा पाहिली होती आणि हा प्रश्न कोणालाच कधी पडला नव्हता. जिथे काही उभे केले जाते, तिथे जवळपास कुठेतरी खणलेलेही असते, आणि जिथे खणलेले असते, तिथे निघालेली माती कुठेतरी टाकलेली असते. दिवसभर काकांनी याच एका धाग्याने आम्हाला फिरवले.

रानात शिरल्यावर पहिली खूण म्हणजे डोंगराच्या कमरेला पट्टा बांधावा तसा आडवा गेलेला एक लांबच लांब चर, त्याच्या वर समांतर दुसरा आणि त्याच्याही वर तिसरा. आमच्यातल्या एका काकूंनी तो किल्ल्याचा खंदक असावा, असे सांगून टाकले. काकांनी नेहमीचा प्रश्न केला, "उकरलेली माती कुठे गेली?" माती सगळीकडे चराच्या खालच्या अंगालाच होती आणि तिच्यावर एका ओळीत झाडे उभी होती. शत्रू अडवायचा तर चर इतका उथळ कोणी खणत नाही. हे सलग समतल चर. पावसाचे पाणी उतारावरून धावत सुटण्याऐवजी तिथेच थांबावे व मुरावे, यासाठी ते एकाच समपातळीवर खणतात. सर्वसाधारण माप साठ सेंटीमीटर रुंद व तीस सेंटीमीटर खोल, आणि निघालेल्या मातीच्या वरंब्यावर बी टोकायचे. समपातळी कशी काढतात, हे दाखवण्यासाठी काकांनी पिशवीतून पाणी भरलेली पारदर्शक नळी आणि खुणा केलेल्या दोन पट्ट्या, म्हणजे हायड्रोमार्कर, काढला आणि माझ्या पुतण्याला उतारावर वीस पावले पुढे पाठवले. दोन्हीकडचे पाणी सारख्याच खुणेवर येईपर्यंत तो वर-खाली सरकत राहिला, आणि शेवटी ज्या जागी थांबला, ती जागा थेट जुन्या चराच्या काठावर होती. चौदाशे रुपयांतले निम्मे माझ्या हिशेबी इथेच वसूल झाले.

पुढचा अर्धा तास ज्या ठिकाणी गेला, ते ठिकाण बिनखुणेचे म्हणावे असेच होते. साग, ऐन आणि धावड्याच्या झाडीत, चांगल्या तीव्र उतारावर, अचानक सात-आठ पावले व्यासाचा एक गोल सपाट ओटा लागला. वरच्या बाजूला डोंगर कापलेला, खालच्या बाजूला तीच माती ढकलून भर घातलेली. घराचे जोते म्हणावे तर दगड नाही, शेत म्हणावे तर फारच लहान, आणि पाणीही जवळ नाही. काकांनी काठीने वरचा पालापाचोळा बाजूला केला आणि चिमूटभर माती उचलून सगळ्यांच्या तळहातांवर ठेवली. भोवतालची माती तांबूस आणि ही काजळासारखी काळी. बोटांनी चोळली की बोटांच्या रेषा काळ्या होत आणि मधूनच हरभऱ्याच्या दाण्याएवढा, वजनाला अगदी हलका तुकडा हाताला लागे. तो मोडल्यावर आत लाकडाचा रेषान्‌रेषा शाबूत होता, वर्षावलयांच्या कडांसह, आणि कागदावर ओढला तर पेन्सिलीसारखी रेघ उमटली. ही कोळशाची भट्टी होती. लाकडे रचून त्यांचा ढीग करायचा, त्यावर पाला व माती लिंपायची, आतून पेटवून हवा जेमतेम राहील अशा बेताने अनेक दिवस धुमसत ठेवायचे, म्हणजे लाकडाची राख न होता कोळसा होतो. उतारावर ढीग रचला तर ढासळतो, म्हणून आधी ओटा कापावा लागतो. ओट्याचे कोडे इतके साधे होते. सह्याद्रीच्या या बाजूला अशा भट्ट्यांवर कातकरी कुटुंबे राबत आली आहेत, ज्यांचे नावच खैरापासून कात काढण्याच्या धंद्यावरून आलेले आहे.

इथे कोणीतरी शंका काढली की राब भाजल्यावरही जमीन काळी होतेच. शंका चांगली होती आणि उत्तर त्याहून चांगले मिळाले. नागली किंवा भाताच्या रोपांसाठी पाला-काटक्या पसरून जो राब भाजतात, त्याचा काळा थर पातळ असतो, तो बांध घातलेल्या शेताच्या तुकड्यातच असतो आणि एका पावसाळ्यात विरून जातो. भट्टीचा थर वीतभर खोल असतो आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. ओट्याच्या मधोमध वाढलेल्या सागाकडे बोट दाखवून काका म्हणाले, "भट्टी या झाडाच्या आधी विझली, एवढं नक्की. किती आधी, ते झाड सांगत नाही." पुरावा जेवढे सांगतो तेवढेच सांगून थांबणारा वाटाड्या मला आजवर क्वचितच भेटला आहे.

जेवण पाड्यावर होते : नागलीची भाकरी, उडदाचे भुजे, लाल ठेचा. जेवण उत्तम, पण अडीच वाजता मिळाले, आणि बरोबर लहान मुले असतील तर हे आधी माहीत असलेले बरे. जेवणाआधी रानात आम्ही खडीचे आयताकृती ढीग पाहिले होते, एका ओळीत नीट रचलेले आणि शेवाळाने काळे पडलेले. कोणी थडगी म्हणाले, कोणी देवस्थान. जेवण वाढणाऱ्या मावशींनी भाकरी थापता थापताच निकाल दिला : "ती आमच्या आईनं फोडलेली खडी." १९७२ च्या दुष्काळात रस्त्याचे काम निघाले, तेव्हा बायका-पुरुष रानातला दगड फोडून त्याचे ढीग लावत, मोजणी ब्रासमध्ये होई, शंभर घनफुटांचा एक ब्रास, म्हणून ढीग असे चौकोनी व सारख्या मापाचे. पगार मोजणीवर मिळे. मोजणी झाली, पगार झाला, रस्ता मात्र तिकडून गेला नाही आणि खडी उचलायला कोणी आले नाही. कामावर मिळणाऱ्या सुकडीची चव आईला शेवटपर्यंत आठवत होती, असे मावशी म्हणाल्या. त्याच दुष्काळी कामांच्या अनुभवावर महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा १९७७ साली झाला, ही पुस्तकातली माहिती मला होती. तिचा उरलेला चौकोनी ढीग मी आधी पाहिला नव्हता. माझी गटाला आग्रहाची सूचना आहे की मावशींना वाढपातून मोकळे करून रीतसर मानधनावर वाटाड्या म्हणून घ्यावे.

सगळ्याच खुणा माणसाच्या नसतात, हेही काकांनी दाखवले, पण धावतपळत. एका टेकडीवरून सरळ उतरलेली दगडी भिंत आम्ही सर्वांनी तटबंदी ठरवली होती. ती निघाली डाइक, म्हणजे बेसाल्टच्या भेगेत शिरून थिजलेला लाव्हा, ज्याच्या भोवतालचा मऊ खडक झिजल्यावर तो भिंतीसारखा उघडा पडतो. सांध्यांमुळे त्याचे दगड घडवून रचल्यासारखे दिसतात. रानडुकरांनी उकरलेली जमीन आणि साळिंदराचे बीळ दोन मिनिटांत उरकले.

मग ते ठिकाण आले ज्यामुळे मी गावाचे नाव लिहीत नाही. एका झिजलेल्या वीरगळाच्या पायाशी ताजा खड्डा होता, पुरुषभर खोल, काठ धारदार, माती चारी बाजूंना कशीही फेकलेली, आणि जवळच वाळलेली लिंबे व कुंकू. गुप्तधनवाल्यांचे काम. वीरगळ लढाईत पडलेल्या माणसाची आठवण असते, तिच्याखाली हंडा नसतो, पण हे रात्री कुदळ घेऊन येणाऱ्याला कोण सांगणार? १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचे भूमिगत धन सापडले तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते, राखीव वनात विनापरवाना खणणे हा १९२७ च्या वन कायद्याखाली गुन्हा आहे, आणि धनासाठी अघोरी प्रकार केले तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा लागतो, असे काकांनी शांतपणे सांगितले, छायाचित्रे काढू दिली नाहीत आणि खड्ड्याची माहिती वनपालांना फोनवर कळवली. येथवर सारे योग्य होते. पण त्यांच्या हाताखालच्या तरुणाने लगेच मुलांना त्या खड्ड्याची एक भुताची गोष्ट रंगवून सांगितली, आणि सकाळपासून जे शिकवले त्यावर पाच मिनिटांत पाणी फिरवले. माझा पुतण्या परतीच्या वाटेवर चराबद्दल एक शब्द बोलला नाही, भुताबद्दल मात्र अकरा प्रश्न विचारले.

दुसरी तक्रार जाहिरातीची. तीत "लायडार नकाशांच्या साहाय्याने" असे ठळक अक्षरांत छापले आहे. लायडारमध्ये विमानातून लेसरचे झोत सोडतात. त्यांतले काही पानांच्या फटींतून जमिनीपर्यंत पोहोचून परततात, आणि त्यावरून झाडी वगळून नुसत्या जमिनीचा उंचसखलपणा मांडता येतो. बेलीझमधल्या काराकोल या माया शहराभोवतीचे ओटे व रस्ते २००९ साली असेच दाट जंगलाखालून उमटले. आमच्या हाती प्रत्यक्षात पडली ती भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० नकाशाची पुसट झेरॉक्स आणि मोबाइलवरचे उपग्रहचित्र. त्या नकाशावर समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, उंचीच्या वीस-वीस मीटरच्या फरकाने असतात. फूटभर खोलीचा चर त्यात दिसण्याचा प्रश्नच नाही. काकांचे डोळे आणि हायड्रोमार्कर पुरेसे असताना हा शब्द जाहिरातीत कशाला हवा? तो काढावा, आणि झेरॉक्स तरी वाचता येईल अशी द्यावी.

बाकी गोष्टी थोडक्यात. एकूण चाल आठ किलोमीटर, चढ मध्यम. पूर्ण बाह्या आणि घोट्यावर येणारे बूट घालावेत, कारण कुसळी गवत मोज्यातून आत जाते आणि घरी आल्यावरही आठवण ठेवते. वनखात्याच्या परवानगीची प्रत मागितल्यावर लगेच दाखवली. प्रथमोपचाराची पेटी होती, पण स्त्रियांसाठी स्वच्छतागृहाची सोय पाड्यावर पोहोचेपर्यंत नाही, हे आगाऊ सांगितले जात नाही, ते सांगायला हवे.

दिवसाच्या शेवटी एका सोंडेवर सात खड्डे पाहिले. एका सरळ रेषेत, प्रत्येकी साधारण पन्नास पावलांवर, हातभर रुंद आणि कमरेएवढे खोल, निम्मे बुजलेले. माती प्रत्येक खड्ड्याच्या उजव्या काठाला, नीट रचून ठेवलेली, जणू ती पुन्हा आत लोटायचीच होती. झाडे लावण्यासाठी म्हणावे तर अंतर फार, पाण्यासाठी म्हणावे तर जागा ऐन सोंडेवर. काकांनी वहीत "माहीत नाही" असे लिहिले, खाली तारीख घातली आणि आम्ही उतरलो. बारा दिवसांनी त्यांचा निरोप आला. छायाचित्र पाड्यावरच्या एका वृद्धांना दाखवले होते. विजेच्या खांबांसाठी ठेकेदाराने ते खड्डे खणून घेतले होते, मजुरीही चुकती केली होती. खांब आलेच नाहीत. पाड्यावर वीज पुढे पुष्कळ वर्षांनी आली, ती दुसऱ्या बाजूने.